अपाइकुंदाचं मडकं

"ज्या मेल्याची ती कुजकी किडनी माझ्या लेकाच्या पोटात घातली ना, त्याचं तळपट होवो!... सडून सडून मरो तो!"

सकाळच्या प्रार्थनेचं आमेन ओठांवरून विरतं न विरतं तोच अपाइकुंदानं रोजचा शाप उच्चारला, आणि तिच्या पाठीमागं कच्ची केळी सोलत बसलेल्या मांकाच्या हातातली सुरी थबकली. क्षणभरच! मग ती पुन्हा मान खाली घालून केळी सोलू लागली. परदेशातून परतून तिला दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत अशी एकही सकाळ उजाडली नव्हती, की जन्मदात्या आईच्या तोंडून स्वतःच्याच मरणाची मागणी तिला ऐकावी लागली नाही... आणि त्या माउलीला त्याचा पत्ताही नव्हता!

धाकट्या भावाला, अमिनिएलला, घेऊन ती हिंदुस्थानातल्या एका दूरच्या शहरी उपचारांसाठी गेली होती. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. निघताना आईनं निक्षून बजावलं होतं, "मांका, तू फक्त सोबतीला जातेयस. तुझ्या अंगाला सुरी लागली तर माझं मेलेलं तोंड बघशील!" पण तिथं किडनी द्यायला दुसरं कुणी मिळेना, भावाचा चेहरा दिवसागणिक मेणासारखा होत चाललेला... 'माझी घे' म्हणून किती दिवस ती त्याची विनवणी करत होती! शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. आईला हे कधीच कळू द्यायचं नाही. घरी फोनवर सांगितलं, कुणा अनोळखी माणसाची मिळाली.

सात आठवडे सगळं सुरळीत चाललं. अमिनिएल इस्पितळाच्या आवारात स्वतःच्या पायांनी फिरू लागला, किलिमांजारोच्या उतारावरच्या आपल्या केळीबागेच्या गोष्टी परिचारिकांना सांगू लागला. आणि मग ताप आला. अकरा दिवसांत सगळं संपलं! रोगाचा संसर्ग पसरेल म्हणून देह मायदेशी न्यायची परवानगीही मिळाली नाही. शेवटच्या दिवशी बहिणीचा हात छातीशी धरून तो पुटपुटला होता, "ताई, तेवढं आईला सांगू नकोस हं... बहिणीला खाऊनही वाचला नाही, असं वाटेल गं तिला..."

परक्या मातीत त्याला ठेवून ती एकटीच परत आली, त्याची कपड्यांची पिशवी घेऊन.

तेव्हापासून अपाइकुंदा लेकीच्या हातचं काही घेत नसे. वंशाचा माणूस आपल्याच केळीखाली, बापाच्या शेजारी निजायचा, ही तिथली रीत. आणि अमिनिएलसाठी राखून ठेवलेली ती जागा तशीच रिकामी पडली होती. शिवाय मांकाला आता पूर्वीसारखं काम होत नव्हतं. खालच्या माळावरून गाईंसाठी गवताचा डोंगराएवढा भारा डोक्यावर आणणारी ती बाई आता दोन पेंढ्यांतच धापा टाकी. भावजय हैका, अमिनिएलची बायको, त्यावरून टोमणा मारल्याशिवाय राहत नसे.

"वन्सं, परदेशचं वारं चांगलंच मानवलंय की तुम्हांला! माझं कुंकू तिकडं पुसलं गेलं, आणि तुम्ही मात्र मडमीण होऊन आलात!"

मांका हसल्यासारखं करी. वैधव्याच्या वणव्यात होरपळणाऱ्या त्या पोरीला ती काय बोलणार? कुशीतली शिवण ओढली जाई, डोळ्यांपुढं अंधारी येई, पण भारा ती खाली टाकत नसे...

एका गुरुवारी दुपारी अपाइकुंदा वरच्या आळीतून परतली ती एक कोरं मातीचं मडकं कमरेवर घेऊन. ते पाहताच हैकाच्या हातातलं सूप गळून पडलं.

"आत्याबाई... हे कशाला?"

"फोडणार आहे. त्याच्या नावानं."

"पण नाव कुठं ठाऊक आहे तुम्हांला?"

"मला नसू दे. मडक्याला ठाऊक असतं," म्हातारी कोरडेपणानं म्हणाली. "आणि पाद्र्याला कळवायला धावू नकोस. त्याचा लेक नाही गेला!"

मांका चर्चमध्ये वाढलेली. पण त्या डोंगरावर जन्मलेली कुठलीही बाई मडक्याला हसत नाही. ज्याच्यावर ते फुटतं तो तर जातोच, पण त्याचं रक्तही एकेक करून जातं... भाऊबंद, भाचरं, पोरंबाळं! स्वतःपुरतं असतं तर तिनं मुकाट्यानं सोसलं असतं. पण समोर पाटाच्या पाण्यात केळीच्या सोपटाची होडी सोडत एलिनामी बसली होती. अमिनिएलची पाच वर्षांची एकुलती एक पोर!

"आई," ती कशीबशी म्हणाली, "देणाऱ्यानं प्रेमानंच दिली असेल गं..."

"प्रेमानं? मग माझा लेक का मेला? तू कोण लागून गेलीस त्याची कड घेणारी? माझ्या पोराला तिकडं टाकून आलीस, आणि आता त्याच्या मारेकऱ्याचा पुळका?"

म्हातारी त्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. तिनं मडकं डोक्याच्या वर उचललं. "ज्याच्या देहातलं माझ्या लेकाच्या देहात गेलं, त्याचं रक्त या मातीवर..."

"आई, नको!" मांकानं धावत जाऊन तिची मनगटं पकडली. "एलिनामी मरेल गं!"

"तिचा काय संबंध? सोड मला!"

"तिच्या आत्याची होती ती! माझी होती, आई... माझी!"

आणि तिनं पोलक्याची कड वर केली. कुशीपासून पोटापर्यंत गेलेला तो लांबलचक, अजून लालसर व्रण दुपारच्या उन्हात उघडा पडला.

हैका तोंडात पदराचा बोळा कोंबून हुंदके देऊ लागली. अपाइकुंदानं मडकं हळूहळू खाली उतरवून जमिनीवर ठेवलं. सुरकुतलेलं बोट त्या व्रणावरून तिनं एकदा फिरवलं... आणि एकाएकी ती स्वतःच्याच तोंडावर थपडा मारू लागली.

"रोज!... रोज सकाळी देवाचं नाव घेतलेल्या याच तोंडानं मी माझ्या पोरीला... आणि तू ऐकत बसलीस! अगं, एकदा तरी सांगायचंस गं!"

मांकानं तिचे हात घट्ट धरले. "त्याला वचन दिलं होतं. आज मोडलं."

"आता ते शाप कुठून परत आणू मी? कुणाला मागू?"

मांका आईचे हात धरून राहिली.

रडण्याचा आवेग ओसरल्यावर, म्हातारीनं लहान मुलासारखं विचारलं, "ती तुझी किडनी... त्याच्यासंगंच आहे का तिथं मातीत?"

"हो, आई."

"म्हणजे माझं लेकरू अगदीच एकटं नाही..." ती पुटपुटली. मग तिनं लेकीकडं पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं, आणि तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं. "आणि तूही पुरती परत आली नाहीस गं, बाळ!"

भावाला माती देतानासुद्धा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती मांका त्या शब्दांवर आईच्या कुशीत ओक्साबोक्शी रडू लागली.