दोन्ही स्पीकर उजवीकडे

सिदूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीच त्याच्या हातात टँकरचा पाईप कोंबला होता, आणि तोही रागारागानं.

दोन हजार सोळाचा एप्रिल. बीडच्या आमच्या कॉलनीत पाचव्या दिवशी टँकर यायचा आणि जेमतेम दहा मिनिटं थांबायचा. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी पाईप ओढत होते, आई आत पिंपांची झाकणं काढत होती, आणि फाटकापाशी खांद्याला पिशवी अडकवलेला एक उंच तरुण नुसता उभा होता. मला वाटलं, टँकरवरचाच माणूस.

"बघत काय उभे राहिलात? धरा हा."

त्यानं धरला. एकामागून एक चार पिंपं भरली, एक थेंबही सांडू दिला नाही. टँकर निघाला तरी तो आपला पाईप गुंडाळत बसलेला.

"अहो, तुमची गाडी चालली," मी म्हटलं.

"माझी गाडी ती हाय." त्यानं लिंबाखालच्या मोटरसायकलकडे बोट केलं. पँट गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. "मी मांजरसुंब्याचा सिदू. स्पीकर बसवायला आलोय. फोन तुमीच केलता ना?"

मी पाईपचं टोक त्याच्या हातातून काढून घेतलं. आई मात्र आतून पदर तोंडाला लावून हसली, ते मला ऐकू आलं.

स्पीकरचं असं झालं होतं... मी दूध संघात दुधाची फॅट तपासायला होते. आमच्या कर्मचारी पतसंस्थेनं वर्धापनदिनाला सोडत काढली आणि पहिलं बक्षीस मला लागलं. पाच स्पीकर आणि बेसचा एक मोठा डबा. खोकी तीन महिने तशीच पडून होती. मला ते अण्णांसाठी लावायचं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील माणिकराव, सहकारी सूतगिरणीत तीस वर्षं होते. गिरणी सुटल्यापासून ते गप्प गप्प झाले होते. मी काही विचारलं तरी कधी उत्तर द्यायचे, कधी नुसतं खिडकीबाहेर बघत राहायचे. जेवताना मी त्यांच्या शेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायचे, आणि ते ताटाकडे बघून मान हलवायचे. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. त्यांना सिनेमाचा भारी नाद. निदान त्यासाठी तरी ते आमच्यात येऊन बसतील, हसतील, असं मनात होतं.

सिदूनं हॉलभर एक चक्कर मारली. समोरच्या भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे हात जोडले. मग मागे वळून म्हणाला, "भिंत कुठंय?"

"कुठली?"

"ह्या बाजूची. सैपाकघराची. कावून न्हाई?"

"काढली. म्हणजे बांधलीच नाही. आईला आत कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून मीच हट्ट धरला होता."

"लई चांगलं केलं," तो म्हणाला आणि डोकं खाजवायला लागला. "आता डावीकडं भिंत, तिला चिटकून पिंपं. उजवीकडं भिंतच न्हाई. डावीकडचा आवाज आपटून माघारी येणार, उजवीकडचा फोडणीत जाणार."

"मग जमणार नाही?"

"जमंल की. वेळ लागंल." तो जरा थांबला. "दोन-चार चकरा होतील."

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही.

त्यानं पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि मला सोफ्याच्या मधोमध बसवलं. "हलू नका. सगळं ऐकणाऱ्याच्या कानापासनं मोजायचं असतंय." दोऱ्याचं एक टोक त्यानं माझ्या कानाजवळ धरलं — लागलं नाही, पण बोटांची ऊब कळली — आणि दुसरं टोक घेऊन तो कोपऱ्यापर्यंत गेला. जमिनीवर खडूची खूण. परत आला. दुसरा कान. परत गेला. दोरा ताणला की माझ्या कानाशी बारीक थरथरायचा. माझे कान तापले होते. त्याला ते दिसत असणार, पण तो अगदी गंभीरपणे खुणा करत होता.

"इथं रोज तुमीच बसता ना?"

"नाही. मी संध्याकाळी उशिरा येते. रोज बसतात अण्णा. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर."

तो खडू हातात धरून उभा राहिला. "मग मोजमाप त्यांचं पायजे व्हतं. तुमचं उगीच मोजलं."

"उगीच?"

"न्हाई..." तो खाली बघून खुणा पुसायला लागला. "तसं उगीच न्हाई."

दुसऱ्या चकरेला त्यानं स्टुलांवर स्पीकर मांडून पाहिले. तपासायला त्याच्याकडे एक तबकडी होती. आधी पाखरं, मग आगगाडी, मग पाऊस. पाऊस असा सुरू झाला की अंगावर काटा आला. मागून वारा, डावीकडून पत्र्यावर सर, मग सगळीकडून धो धो. दोन वर्षांत असा आवाज कानांनी ऐकला नव्हता. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आई ओट्यापाशी नव्हती. ती तशीच पिठाच्या हातानं गच्चीवर धावली होती, वाळत घातलेल्या कुरडया उचलायला.

खाली आली ती परात कमरेवर घेऊन. वर रणरणतं ऊन, खाली आम्ही दोघं हसून हसून बेजार. "हसा," आई म्हणाली. "माझ्या कुरडया भिजल्या असत्या म्हंजी कळलं असतं." आणि तीच हसायला लागली.

त्या दिवशी चहा पिताना मला एक गोष्ट लक्षात आली. आईला तो 'मावशी' म्हणायचा, समोरच्या घरातल्या केशरबाईंना 'ताई', भाजीवालीलाही 'ताई'. मला मात्र काहीच म्हणत नव्हता. मी विचारलंसुद्धा. "सगळ्यांना ताई म्हणता. मला काय म्हणता?"

"तुमाला..." त्यानं बशीत फुंकर मारली. "तुमाला अजून ठरवलं न्हाई."

त्यानंतर मी ऑफिसात दुधाचे नमुने दोनदा तपासायला लागले. पहिल्यांदा तपासलेले ध्यानातच राहायचे नाहीत.

तिसऱ्या चकरेला मी घरी नव्हते. संध्याकाळी आले तेव्हा सिदू स्क्रू आवळत होता, आणि हॉल बघून माझा विश्वासच बसेना. अण्णांची खुर्ची खिडकीपासून फिरवून तिरकी ठेवलेली. मागचे दोन्ही स्पीकर उजवीकडे, एक ओट्याच्या वरच्या कपाटाला आणि एक तुळईला. डावीकडची भिंत मोकळी, तिथं नुसती पिंपं.

"हे काय?"

"बसवलं," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

"एक डावीकडे, एक उजवीकडे असतो ना? खोक्यावर चित्र आहे."

"डाव्या भिंतीला ओल हाय. वायर खराब व्हईल."

"ओल? ह्या दुष्काळात?"

त्यानं आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळायला घेतला. अण्णा खुर्चीत बसून दोघांकडे बघत होते. त्यांचं ते गप्प बघणं, महिनाभर मनात मांडलेला तो हॉल, आणि हा माणूस सरळ सरळ खोटं बोलतोय... मला फार लागलं. ज्याच्यावर आपण... जाऊ दे. मी म्हटलं, "काम येत नव्हतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं. इतक्या चकरा कशाला मारल्या?"

त्याचा चेहरा उतरला. पाने-पेचकस गोळा करत तो हळूच म्हणाला, "आठ दिवस ऱ्हाऊ द्या असंच. न्हाई पटलं तर काढून देतो. तुमी म्हणाल तसं लावतो."

मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. आई जेवायला हाका मारत होती, मी उठले नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. अण्णा बाहेर गेले होते. टीव्ही चालू होता, मी सहज त्यांच्या खुर्चीत बसले होते. खरं तर मला त्या आवाजाचा रागच यायचा, सगळा एका अंगाला कललेला. तेवढ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. फोन डाव्या कानाला घट्ट लावला आणि मी बोलताबोलता थांबले.

टीव्हीवरची माणसं अगदी स्वच्छ बोलत होती. पायऱ्यांवरची पावलं मागून आली. दार लांबून वाजलं. सगळं जिथल्या तिथं.

मी फोन ठेवला. कान उघडा होताच आवाज पुन्हा वाकडा झाला. मी डाव्या कानावर तळहात दाबला. पुन्हा सरळ.

 मग जेवतानाची माझी जागा आठवली. रोजची. अण्णांच्या डावीकडे.

ते आल्यावर मी पाट उचलला आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसले. "अण्णा, डाव्या कानानं कधीपासून ऐकू येत नाही?"

त्यांनी घास खाली ठेवला. "सिद्यानं सांगितलं का?"

"नाही. तो काहीच बोलला नाही."

"मग पोरगं शब्दाचं पक्कं हाय." ते ओशाळून हसले. "गिरणीतच गेला तो कान. तीस वर्षं त्या सूत कातायच्या चात्यांचा आवाज. आधी कमी येत व्हतं, दोन वर्षांमागं बंदच झालं. त्या दिवशी त्यानं मला डोळे मिटून बसवलं, म्हणला, आवाज कुठून येतोय बोट दाखवा. मी आपला दर टायमाला उजवीकडं दाखवतोय. त्यानं लगेच वळखलं. मीच म्हणलं, इशाखाला सांगू नको. पोरीनं हौसेनं आणलंय. म्हाताऱ्याला अर्धंच ऐकू येतं म्हणल्यावर तिची हौस ऱ्हाईल का?"

"आणि मी रोज बोलत होते ते, अण्णा?"

"तू बोलताना दिसायचीस. हात हलवून बोलतीस. तेवढ्यावर मान हलवायचो." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता सांग. दोन वर्षांचं ऱ्हायलंय."

आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. पोळी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

सोमवारी मी रजा टाकली आणि मांजरसुंब्याची बस धरली. चौकातल्या ढाब्यांच्या ओळीत शेवटी त्याचं दुकान होतं. एका ट्रकच्या केबिनमधून त्याचे पाय बाहेर आले होते.

"स्पीकर काढून द्यायचे आहेत," मी म्हटलं.

डोकं वर आपटल्याचा आवाज आला. तो बाहेर आला, कपाळ चोळत, हाताला काळं लागलेलं. "कधी येऊ?"

"येऊ नका. काढायचे नाहीत." घरून ठरवून आणलेलं सगळं मी विसरले होते. "अण्णांनी सांगितलं मला. मी त्या दिवशी... फार वाईट बोलले."

"बोललात."

"तुम्ही नुसतं ऐकून घेतलंत. कावून?" 'का'ऐवजी त्याचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

तो हसला. मग फडक्यानं एक एक बोट पुसत राहिला. "खरं सांगितलं असतं तर अण्णांचा शब्द मोडला असता. आन दुसरं खोटं बोलायला मला सुचंना. तुमच्यासमोर मला लई गोष्टी सुचत न्हाईत."

चौकात दोन एसट्या एकमेकींसमोर अडल्या होत्या, हॉर्न वाजत होते. तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मी जवळ गेले.

"काय म्हणालात?"

"म्हणलं, आईबाप परवा कारखान्यावरनं येत्यात. ऊसतोड संपली. गावाकडं शिरूरला जायच्या आधी त्येंना तुमच्या घरी आणू का?" तो थांबला. "स्पीकर बघायला न्हाई."

मी पदराशी चाळा केला असता, पण मी पंजाबी ड्रेस घातला होता. पर्सच्या बंदाशी केला.

"आणा," मी म्हटलं. "पण आधी मला काय म्हणायचं ते ठरवा."

"ते कवाच ठरलंय," तो म्हणाला. "इशाखा."

शुक्रवारी ते आले. त्याची आई सरूबाई, उन्हानं रापलेली, हातावर उसाच्या पात्यांचे चरे, आमच्या आईशेजारी ओट्यापाशीच जाऊन बसली. वडील सोफ्याच्या कडेला टेकले. चहा झाला, पाण्याच्या गोष्टी झाल्या. सिदू उठला, अण्णांच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, इशाखाचा हात मागायला आलोय."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कानामागे हात नेला.

"काय म्हणलास? ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं बोल."

सिदूचा चेहरा लाल झाला. त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाला, या वेळी एवढ्या मोठ्यानं की ओट्यापाशी दोघी आया उठून उभ्या राहिल्या.

अण्णा खुर्चीत मागे रेलले. मिशीत हसत होते. सिदू पहिल्यांदा हळू बोलला तेव्हाच त्यांना सगळं ऐकू आलं होतं, हे मला लांबूनही दिसत होतं.