तिसरी हाक

ही घडलेली गोष्ट आहे, आणि माझ्याच बाबतीत घडलेली. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मी बौद्ध घरातला माणूस. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही.

जुलै २०१४. रमजानचा महिना. ओमानमधल्या सोहारचं एक सरकारी ऑफिस.

उंच दगडी खांब, वर त्रिकोणी माथा, मधोमध रुंद जिना. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावच्या कचेरीची हुबेहूब नक्कल, म्हणे.

दुपारी दोनला ऑफिस सुटलं. आत उरलो आम्ही दोघंच. मी इंजिनिअर, तळघरात, बंद केलेल्या मेन स्विचपाशी. आमचा इलेक्ट्रिशियन जहूर दुसऱ्या मजल्यावर, वायरिंगवर. काम संपलं की तो वॉकीवर 'खलास' म्हणणार, मग मी मेन चालू करणार. असं ठरलं होतं.

साडेतीनला वॉकी खरखरला...

"खलास, साब. यल्ला."

यल्ला, म्हणजे चला, करा चालू. जहूरचाच आवाज. माझा हात स्विचवर गेला.

आणि आई आठवली. दापोलीला लहानपणी बजावायची, "तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नको रे. भूत तिसरी हाक मारत नाही." मी तिची टिंगल करायचो.

"जहूर, फिर से बोल."

...

दुसरी हाक आली नाही.

तेवढ्यात अर्बाबचा, म्हणजे आमच्या ओमानी मालकाचा फोन. "यल्ला इंजिनिअर! इफ्तार से पहले एसी चालू करो. नहीं तो खलास, इंडिया जाओ!"

"जहूर को देखे बिना नहीं करूँगा." मी फोन कापला. नोकरी गेली तर गेली.

जिना चढू लागलो. मागे आणखी एक पाऊल वाजत होतं... मी थांबलो की क्षणभराने थांबणारं.

"यायचं तर समोर ये!" मी ओरडलो.

वर जहूर शिडीवर होता. दोन्ही हात उघड्या तारांत.

"अभी कहाँ खलास, साब?"

"फिर वॉकी पे कौन बोला?"

"मेरा वॉकी तो आपकी गाडी में रह गया. मैं खुद नीचे आके बोलनेवाला था."

गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.

घाबरलो, कबूल करतो. पण भीतीपेक्षा चीड जास्त आली. माझ्या हातून माझाच माणूस मारायला निघालं होतं ते.

आता मी ओमानमध्येच, सलालाहला असतो. माझी बायको तृप्ती कामावर गेली की कधी कधी स्वयंपाकघरातून तिची हाक येते.

"अहो..."

एकदाच. मी ओ देत नाही.

परवा मात्र हाक दोनदा आली.

येऊ दे तिसरी. तरीही देणार नाही.