माझी मैत्रीण तलातू

"मारलं? बाबल्लेला मारलंच?"

पुस्तकांच्या दुकानासमोर एक उंच माणूस माझ्या नव्या कादंबरीचं शेवटचं पान उघडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून चक्क पाणी वाहत होतं. मी प्रतींचा गठ्ठा काखेत घेऊन जागच्या जागी थबकले. नायजेरियातल्या आमच्या कानोच्या बाजारात पुरुष आमची प्रेमाची पुस्तकं घेत नाहीत असं नाही... पण बायकोसाठी म्हणून, पिशवीत कांद्यांखाली दडवून. भर दुपारी उभ्या उभ्या वाचून रडणारा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"डोळ्यांत धूळ गेली असेल," दुकानदार मालम तंको म्हणाले. "आज वारं फार आहे."

"धूळ नाही, बाबल्ले गेलाय!"

मला हसू आवरेना. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं आणि गठ्ठेही स्वतःच वाहायचे, अशा उद्योगात असा वाचक म्हणजे सणच. मी हिजाब सावरत पुढे झाले. "इतका आवडला होता?"

"तुम्ही कोण?"

"त्याला मारणारी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं... आणि पटकन नजर पुस्तकात घातली.

"एवढेसे हात," तो पुटपुटला. "खुनी वाटत नाहीत."

"तुमच्या हातांना मात्र ग्रीस आहे. माझं पान काळं केलंत. आता घ्या विकत!"

"घेतो की. तीन घेतो. पण बाबल्लेला परत आणायचं."

"भूत करून आणते."

"थट्टा नको हो! तुम्ही तर म्हणाला होतात, सालामा विहिरीत दोर टाकणार, तो वर येणार, आणि मग ती त्याला ओल्या कपड्यांनीच—"

तो थांबला.

माझं हसू ओठांवरच राहिलं. दोर, विहीर, ओले कपडे... तो शेवट मी छापलाच नव्हता. आयत्या वेळी बदलला होता. तो जगात एकाच व्यक्तीला माहीत होता. माझ्या तलातूला.

तलातूला मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळ्याच लेखिका पुस्तकाच्या पाठीवर आपला फोन नंबर छापतो. तिथून तिचा पहिला निरोप आला, तिने लिहिलेल्या एका प्रकरणासह. तेव्हापासून वर्षभर मी तिचं पान न् पान वाचत होते, खोडत होते, भांडत होते. मी मोटार अड्ड्यावर ठेवलेले गठ्ठे ती कात्सिना, सीमेपलीकडच्या मारादीपर्यंत पोचवायची. आणि मी तिला सगळं सांगत गेले. नवऱ्याने घर की लेखणी असं विचारलं, मी लेखणी म्हटलं, त्याने तलाक दिला, आणि जुन्या वेशीजवळ थोरल्या काकांच्या घरी महिनाभर मी कशी रडले, तेही. आता तिची पहिली कादंबरी छपाईला निघाली होती. मुखपृष्ठावर माझं नाव जाणार होतं: हिंदातू म्हणते, वाचाच!

"तलातू तुमची कोण?" मी विचारलं. "बायको? बायकोचा फोन वाचता तुम्ही?"

"मला बायको नाही."

"मग बहीण?"

त्याने मान खाली घातली. "नाही. मी..."

"मी काय?"

"मीच."

"अगं!" माझ्या तोंडून निघून गेलं. मग "अहो!" गठ्ठा हातातून सुटला आणि अर्धी पुस्तकं मालम तंकोंच्या पायावर पडली.

"तुला... तुम्हाला लाज नाही वाटत? वर्षभर बाई म्हणून—"

"बाई मी कधीच म्हटलं नाही. पाहिजे तर सगळे निरोप काढून बघा."

बघायची गरज नव्हती. आमच्या हौसा भाषेत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरकच नसतो. समोरच्याला 'तू' म्हणताना मात्र तो बाई की पुरुष हे सांगावं लागतं. ते मीच ठरवलं होतं, पहिल्याच उत्तरात: ये गं बहिणी!

"तलातू आईचं नाव," तो म्हणाला. "गोष्टी तिच्याच. माझं नाव मन्नीर. मोटारसायकलचे सुटे भाग विकतो, गावोगावी धाडतो, त्यातच तुमचे गठ्ठेही. आमच्या गल्लीत कळलं असतं, मन्नीर प्रेमकथा लिहितो, तर मला जगू दिलं नसतं. आणि तुम्ही इतकं जीव लावून वाचत होता... खरं सांगितलं तर थांबाल, अशी भीती वाटली."

म्हणून मारादीच्या वाचक बाया फोन करून विचारायच्या, ताई, तुमच्या पुस्तकांना तेलाचा वास का येतो!

पण मला हसायला येत नव्हतं. तलाक झालेली बाई वर्षभर परक्या पुरुषाशी गुजगोष्टी करते, एवढं बाजाराला कळायचा अवकाश, माझं पुस्तक कोणी घरात घेतलं नसतं. या नावासाठी मी घर सोडलं होतं. आणि त्याहून वाईट... माझी एकुलती एक मैत्रीण भर बाजारात, डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती.

"मला माझी तलातू हवी," मी म्हटलं आणि रडायला लागले. आता मालम तंकोही धूळ म्हणाले नाहीत.

मन्नीरने खाली वाकून एकेक पुस्तक झटकलं, गठ्ठा पुन्हा नीट बांधला. "मी छपाई थांबवतो. माझ्या पुस्तकाने तुमचं नाव जाणार असेल, तर नको ते पुस्तक." एवढं बोलून तो निघाला.

रताळी तळणारीच्या चुलीपाशी तो थांबला. पाठ माझ्याकडेच होती. माझा फोन वाजला. तलातू.

'बहिणी, आज एका बाईला फार दुखावलं. पुढचं प्रकरण सुचत नाही. काय करू?'

मी त्या पाठीकडे पाहिलं. खांदे पडलेले, मान वाकलेली... अशी बसते का ती, माझ्या निरोपाची वाट बघत? वर्षभर जे करत आले तेच मी केलं. खोडायला घेतलं.

'तुझा नायक लपतो फार. पुस्तक थांबवायचं नाही. त्यावर त्याचं खरं नाव घाल, माझं आहे तसंच राहू दे. आणि बाजारात गाठून बोलणं बरं दिसत नाही. त्याला तिच्या थोरल्या काकांकडे तिला भेटायची रीतसर परवानगी मागायला पाठव.'

तो वाचत होता. पुन्हा वाचत होता. मग गर्रकन वळला आणि तळणारीची परात उलथता उलथता वाचली.

"काकांकडे?" तो तिथूनच ओरडला. अर्धा बाजार वळून बघायला लागला. "खरंच? पण... घर कुठे आहे त्यांचं?"

मी गठ्ठा उचलून काखेत मारला.

"तलातूला माहीत आहे," मी म्हटलं.