अक्रोडाखालची शीळ

बागेतून बाबांची शीळ आली, तेव्हा मी त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होते. दोन आखूड, एक लांब... शेवटचा सूर किंचित चिरकला. बाबांना मातीआड करून आठवडासुद्धा झाला नव्हता. मी अनवाणीच पावसात धावले.

अक्रोडाखाली कोणी नव्हतं. कुंपणापलीकडे शिडीवर शेजारी मात्र उभा होता – रास्त्को, गावच्या शाळेत भूगोल शिकवणारा.

"शीळ कोणी घातली?"

तो माझ्या चिखलाने माखलेल्या पायांकडे बघत राहिला. "सोयका... सोयका असेल. नकला करते ती."

सोयका म्हणजे कावळ्याचीच चुलत बहीण, पंखावर निळा तुकडा मिरवणारी. बाबा रोज तिला शीळ घालून बोलवायचे, अक्रोड द्यायचे.

चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे बाबांच्या नावाने गहू शिजवून वाटायचा, घर विकायचं आणि बेलग्रेडला परतायचं, असं माझं ठरलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. पण शीळ रोज सकाळी येऊ लागली. पाठोपाठ कुंपणाशी रास्त्को.

"कॉफी एकटीच पिणार?"

"तुमच्या घरी चूल पेटत नाही वाटतं?"

"पेटते हो. पण तिथे हे नाटक नसतं."

नाटक खरंच रंगायचं. सोयका अक्रोड पुरायची, वर पानं ओढायची. फांदीवरचा कावळा मान वाकडी करून सगळं बघायचा आणि ती उडाली की आरामात उकरून न्यायचा.

"आमचे मुख्याध्यापक," रास्त्को गंभीरपणे म्हणाला. मी हसले... आणि माझं हसू मलाच परकं वाटलं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं, "घर विकत नाही मी. ती शीळ इथे आहे, तोवर तरी नाही."

त्याने कप खाली ठेवला. "यसेंका... ती शीळ मी घालतो."

मीही माझा कप खाली ठेवला.

"काकांनी दवाखान्यात शिकवली. म्हणाले, सोयकेला हाक मारत जा, नाहीतर रुसेल. त्या संध्याकाळी तुम्ही धावत आलात... तो चेहरा बघून खरं बोलवेना."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही कॉफी ओतलीत."

त्याने हळूच शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. शेवटचा सूर चिरकला. म्हणजे बागेत बाबांचं काहीच उरलं नव्हतं.

"जा तुम्ही," मी म्हणाले.

तो उठला. कुंपणाशी पोचला, तोच पुन्हा शीळ आली. तेच दोन आखूड, एक लांब – आणि तोच चिरकलेला शेवट.

तो गर्रकन वळला. ओठ घट्ट मिटलेले. "मी नाही! शपथ!"

अक्रोडाच्या फांदीवर निळं काहीतरी चमकलं.

बाबांचा सूर कधीच चिरकत नसे. ती हे रास्त्कोकडून शिकली होती. आणि रास्त्को बाबांकडून.



"उद्याच्या गव्हात घालायला अक्रोड फोडायचेत," मी म्हणाले. "ये, बस. कॉफी गार होतेय तुझी."