रांगोळी चुकवणारे बूट

"पडदा फाडला, रामजीभाऊ! संध्याकाळी प्रयोग, आणि कुणीतरी पडदा उभा चिरला."

शेवंती नायगावच्या चाळीत रामजीच्या खोलीवर धापा टाकत आली होती. कामगारांच्या मोर्चावर गोळीबाराचा हुकूम निघाला तेव्हा रामजीनं पोलिसातली नोकरी साहेबाच्या तोंडावर फेकली. आता तो लोकांच्या भानगडी सोडवी. त्यानं टोपी घातली. त्याचा मित्र भिवा चहा अर्धा टाकून मागे निघाला.

शेवंतीचा नवरा कोंडीराम त्याच गोळीबारात गेला. मागे राहिलं त्याचं एकुलतं एक नाटक. अमेरिकेतल्या रानात बैलगाडीनं आलेला एबनेझर लाकडाची गिरणी घालतो, दुकान काढतो, गाव वसवतो. आणि गाव हलवा म्हणणाऱ्या रेल्वे कंपनीला ठाम नकार देतो. परदेशी गोष्ट म्हणून परवानगी मिळाली, तीही फक्त आजची. सरकारला अक्कल असती तर तेवढीही मिळाली नसती.

लालबागच्या नाट्यगृहात रंगमंचावर निळा रंग सांडला होता. बुटांचे निळे ठसे पडद्यापर्यंत गेले होते. वाटेत शेवंतीनं सकाळी पूजेसाठी काढलेली रांगोळी शाबूत होती. ठसे तिला वळसा घालून गेले होते. प्रत्येक ठशाची टाच मागे फरफटलेली.

"पोलिसांचे बूट!" भिवा म्हणाला.

रामजी वाकून ठसे न्याहाळू लागला.

सुतार शिवा पायरीशी अनवाणी बसला होता. पाय फताडे. "आमी सगळे जेवूक गेल्लों. इलों तर माझो रंगाचो डबो लवंडलेलो."

एबनेझर झालेला दौलत बुटात पाय कोंबत होता. "च्यायला, आधीच घट्ट, त्यात ओले! कोणी धुतले रे हे?"

नाटकमंडळीचा चालक दत्ताराम एरवी कापडगिरणीत कारकून, अंगानं किरकोळ. चपला खाली काढून तो रंगमंचावर आला. "वहिनी, पोलिसांशी वैर नको. प्रयोग रद्द करू."

रामजीनं सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं.

"पोलिसी बूट मी स्वतः घातलेत. ते रांगोळी चुकवत नाहीत. माणसंही चुकवत नाहीत. हा आपलाच माणूस. एरवी रंगमंचावर चपलासुद्धा घालून येणार नाही. पोलिसांवर आळ यावा म्हणून नाटकातले बूट घातले, मुद्दाम रंग सांडला, मागाहून बूट धुतले. पण पूजेची रांगोळी दिसली आणि पाय आपोआप वळले."

"मग दौलतच!" भिवा म्हणाला.

"दौलतला ते घट्ट होतात. शिवाचा पाय आत शिरणारच नाही. टाच फरफटते ती बूट ढगळ होणाऱ्याची. दत्ताराम, घालून दाखव."

दत्तारामनं हात जोडले. "नाटक झालं तर खोली काढून घेऊ म्हणाले गिरणीवाले. पोरं कुठं नेऊ, वहिनी?"

शेवंती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझा नवरा गेला, तो पळून नाही गेला! खोली गेली तर पोरं घेऊन माझ्याकडे ये. पण तिसरी घंटा तूच वाजवायचीस."

"आणि पडदा?" भिवानं विचारलं.

"तसाच लावा," शेवंती म्हणाली.

संध्याकाळी थिएटर भरलं. मागच्या रांगेत साध्या वेशातले पोलीस होते. बूट मात्र सरकारी. दत्तारामनं डोळे पुसले आणि तिसरी घंटा वाजवली. चिरलेल्या पडद्यातूनच एबनेझर ओल्या बुटांनी पुढे आला, रांगोळीला वळसा घालून उभा राहिला आणि थेट मागच्या रांगेकडे बघून म्हणाला,

"गाव आम्ही वसवलं. ते कुणाचं, हे तुम्ही कोण ठरवणार?"