ग्रीसखालचे ठसे

बंदुकीवरचं जुनं ग्रीस काढायला घाई चालत नाही. साठ वर्षांत ते मेणासारखं घट्ट होतं आणि मधासारखं तपकिरी. आधी उबेला ठेवून नरम करायचं, मग लाकडी पट्टीने ओढायचं, उरलेलं रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं. तारेचा ब्रश लागला की संपलं. पोलादावरची निळसर काळी झिलई एकदा गेली की ती कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. संग्रहालयाच्या कार्यशाळेत मिस्त्री हे चाळीस वर्षं सांगत आले होते, आणि बहुतेक वेळा ओरडूनच.

त्या सोमवारी त्यांच्यापुढे बारा लष्करी रायफलींची पेटी आली. सील शाबूत. झाकणावरची तारीख एकसष्ट वर्षांपूर्वीची. पहिली रायफल मेणकागदातून मोकळी झाली तेव्हा झिलई अशी निघाली की मिस्त्रींच्या तोंडून शिवीच गेली, कौतुकाची. फक्त नळीवर एक अंगठा होता. गंजाचा ठसा, रेघा मोजून घ्याव्यात इतका स्पष्ट.

त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. घामेजला हात लागला आणि पुसायचं राहिलं, तर ग्रीस तो घामही जपून ठेवतं. त्याला काय, खाली असेल ते सांभाळायचं एवढंच ठाऊक.

"गाढव होता पॅक करणारा," ते रायफलीला म्हणाले.

दुसरीवर चार बोटं निघाली. तिसरीवर अख्खा तळवा. चौथीवर दोन्ही तळवे, नळी आवळून धरल्यासारखे.

गुरुवारी संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम खाली आल्या. चारही रायफली त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिल्या.

"मिस्त्री, हातमोजे घालता ना?"

"तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून घालतोय."

"मग डाग इतके ताजे कसे? हे बघा, बोटाला लागतोय गंज." त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "उरलेल्या मी बाहेर पाठवते. वाळूच्या फवाऱ्याने साफ करून नवीन काळा रंग देतात ते. शनिवारी गाडी येईल."

"सोलून काढतील, मॅडम! कातडं सोलावं तसं! मग प्रदर्शनात काय ठेवणार, पाण्याचे पाइप?"

"तुमच्या हाताने गंजण्यापेक्षा बरं."

त्या गेल्या तरी मिस्त्रींच्या कानशिलाची शीर ठणकत राहिली. तुमच्या हाताने! काही माणसांचा घामच असा असतो की पोलादाला बोट लागलं की तिथे गंज चढतो. असा गंजका हात या कामात कुणी दारात उभा करत नाही. मिस्त्रींच्या धाकट्या भावाचा हात तसा होता. निदान बावीस वर्षांपूर्वी वीस पिस्तुलं डागाळली तेव्हा मिस्त्रींनी तेव्हाच्या साहेबांना तसं सांगितलं होतं. त्या दिवशी शेवटचं पुसणं कुणाकडे होतं, ते साहेबांनी विचारलं नाही आणि मिस्त्रींनीही सांगितलं नाही. धाकट्याची कार्यशाळेतली नोकरी गेली. तो लाकडाच्या वखारीत मापं लिहायला लागला.

शनिवारच्या आत एक तरी रायफल स्वच्छ काढून दाखवायची म्हणून त्यांनी पाचवी घेतली. खटक्याजवळ पुन्हा बोटं. या वेळी त्यांनी भिंग लावलं.

तर्जनीच्या ठशावर तिरकी खूण होती. कानशीने कापल्याची. ते बोट फडक्यात गुंडाळून, धाकट्याला सायकलवर बसवून, डॉक्टरकडे मिस्त्रीच घेऊन गेले होते.

पेटी बंद झाली तेव्हा धाकटा जन्मालाही आला नव्हता.

ते त्यांना कळत होतं. पण राग असल्या हिशेबाला थांबत नाही. भर दुपारी ते वखारीत शिरले तेव्हा मुठी घामाने निथळत होत्या.

"कुणाला हाताशी धरलंस? पेटी कुणी उघडली?"

धाकटा टेबलामागून उठलासुद्धा नाही. "दादा, आधी बस. पाणी घे."

"चुलीत गेलं पाणी! बावीस वर्षांनी सूड उगवतोस? त्या बाईने मला हाकललं तर कुठे जाऊ मी?"

"इथे ये. लाकूड गंजत नाही."

"हात दाखव!"

धाकट्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले.

तळव्यांवर एकही रेघ नव्हती. बोटांची पेरं घासून काढल्यासारखी गुळगुळीत. कानशीची खूण नव्हती. कातडीवर निळसर काळी झाक होती.

"सोमवारपासून चाललंय," धाकटा म्हणाला. "आधी अंगठा गेला, मग चार बोटं. पेन निसटतं हातातून. पण घाम येत नाही बघ आता. थेंबभरही नाही. तुझ्या मॅडमना सांगशील? आता घेतील मला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच मिस्त्रींना सहन झालं नाही.

"नाटकं पुरे! चल, उठ. तूच सांग त्यांना गंजका हात कुणाचा ते!" त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि जोराने ओढलं.

मनगट थंड होतं. थंड आणि जड.

मिस्त्रींनी हात सोडला.

धाकटा मनगटाकडे पाहत राहिला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "पुसलं नाहीस."

मिस्त्रींची बोटं होती तिथे, चार इकडे, एक तिकडे, तपकिरी गंज वर येत होता.