हा माणूस आधीच आत आहे

दुपारी अर्ध्याने आईला तिचा कंगवा आणि वाचायचा चष्मा वॉर्डात नेऊन दिला आणि तो जिन्याने परत तळघरात उतरला.

अर्ध्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इंजिनिअरिंग मध्येच सोडलं म्हणून साहेबांनी पहिल्याच दिवशी ते चिकटवलं, आणि खोलीतले सगळे पिकलेले लोक खो खो हसले. त्या वेळी साहेबांचा स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला लावलेला होता. पण त्यांच्याकडे पदवी होती, आणि पदवीवाल्याला सगळं माफ असतं.

हॉस्पिटलच्या तळघरात सर्व्हरची खोली होती. खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन असो की पाऊस, आत सारखाच पांढरा उजेड आणि हाडात शिरणारी थंडी. तापलेल्या धुळीचा वास, त्यात शेजारच्या धोबीखान्यातून येणारी ओल्या चादरींची वाफ. आणि पंख्यांची घरघर. पहिले काही दिवस ती डोकं उठवते, मग ऐकूच येईनाशी होते. पंखा जरा अडखळला तरच कान टवकारतात.

अर्ध्याचं काम म्हणजे एका स्क्रीनवर लक्ष ठेवणं. वरच्या वॉर्डातल्या प्रत्येक बेडसाठी तिथे एक चौकोन. बेडच्या उशाशी भिंतीत एक छोटी पेटी असते. पेशंटच्या श्वासाचं यंत्र तिला जोडलेलं असतं, आणि श्वास अडखळला की ती सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजवते. ही पेटी जागी आहे ना, हे बघायला तळघरातून दर थोड्या वेळाने एक स्क्रिप्ट सुटते. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला शिकवून ठेवलेलं चार ओळींचं काम. ती पेटीत शिरते, ‘घंटेची तार शाबूत आहे ना?’ असं विचारते, उत्तर घेऊन बाहेर येते. चौकोन हिरवा राहतो. शिरता आलं नाही की चौकोन लाल, आणि अर्ध्याच्या फोनवर अलर्ट.

लाल झालं म्हणजे पेटी बंद पडली असं नाही. विचारताच आलं नाही, एवढंच. पण मग ती चालू आहे की मेली आहे, हे खाली बसलेल्या माणसाला कळायला मार्ग राहत नाही. अर्ध्याने हे साहेबांना दोनदा सांगून पाहिलं होतं. साहेब म्हणाले, “तू शिकवणार आता मला?”

सगळ्या स्क्रिप्ट तात्यांच्या नावाने चालत. तात्या म्हणजे ही सगळी व्यवस्था ज्यांनी एकट्याने उभी केली ते म्हातारे ऑपरेटर. गेल्या हिवाळ्यात ते याच खोलीत, याच खुर्चीत, अंगातल्या स्वेटरसकट गेले. सगळे चौकोन हिरवे होते, म्हणून दिवसभर कुणी आत डोकावलंही नाही. शोकसभेत साहेबांचा आवाज दाटून आला. दुसऱ्या दिवशी तात्यांचा पगार बंद झाला, हजेरी बंद झाली. मशीनमधलं त्यांचं खातं मात्र बंद करायची एकाचीही छाती झाली नाही, कारण सगळं त्याच्यावर चालत होतं. मेलेला माणूस रोज प्रत्येक बेडपाशी जाऊन विचारपूस करत होता, आणि जिवंत माणसं चहा पीत होती.

त्या दिवशी सकाळी पहिला अलर्ट आला तो दाराजवळच्या बेडचा. स्क्रिप्ट फसली होती. कारण लिहिलं होतं: हा माणूस आधीच आत आहे.

पेटीत एका नावाने एका वेळी एकालाच शिरता येतं. म्हणजे तात्यांच्या नावाने कुणीतरी शिरून बसलं होतं. अर्ध्याने स्वतःच्या नावाने तीच स्क्रिप्ट हाताने चालवली, तर उत्तर लगेच आलं. तार शाबूत. तात्यांच्या नावाने चालवली की पुन्हा तेच. आत शिरलेला माणूस कुठून शिरलाय ते त्याने शोधलं. कुठल्या कंप्युटरवरून नव्हे. पेटीच्याच बटणांवरून, बेडपाशी उभं राहून.

त्याने वॉर्डात फोन लावला. सिस्टर महिनाभरापूर्वीच दुसरीकडून बदलून आलेली, तोंडाने फटकळ, पण कामाला वाघीण.

“सिस्टर, दाराजवळच्या बेडची पेटी कुणी उघडलीय का?”

“तुमच्यातलेच एक आजोबा बसलेत की तिथे. मला वाटलं तू पाठवलंस.”

“कोण आजोबा?”

“मला काय माहीत बाबा. स्वेटर घातलाय एवढ्या उकाड्यात. मास्तरांशी गप्पा चाललेल्या दिसतात.”

अर्ध्याला वाटलं, साहेबांनी कुणा निवृत्त मित्राला पगारी कामावर घुसवलं असेल. असले धंदे तिथे रोजचेच होते. थोड्या वेळाने चौकोन आपोआप हिरवा झाला आणि तो विसरून गेला. दाराजवळच्या बेडवरचे मास्तर गेले, हे त्याला जेवताना वॉर्डबॉयच्या बोलण्यातून कळलं. घंटा वाजली होती, सगळे धावले होते, उपयोग झाला नव्हता.

आईला भेटून तो खाली आला तोच दुसरा अलर्ट आला, मास्तरांच्या शेजारच्या बेडचा. कारण तेच. तिथली बाई तर उद्या घरी जाणार होती. चौकोन हिरवा झाला, आणि पाठोपाठ धोबीखान्यात त्या बेडच्या चादरी येऊन पडल्या.

अर्ध्याने रांगेतले बेड मोजले. तिसरा बेड आईचा होता.

आई म्हणजे त्याचं सगळं घर. बाप त्याच्या लहानपणीच दुसऱ्या संसाराला निघून गेलेला. काका-मामा होते, पण ते फक्त ‘शिक्षण सोडून आईला आजारी पाडलंस’ एवढं ऐकवायला येत. तिची छाती कफाने भरली तेव्हा तिला उचलून आणायला त्यांच्यातला एकही आला नाही. ती या वॉर्डात होती म्हणून तर तो साहेबांची बोलणी गिळून या गारठ्यात बसत होता. निदान तिचा चौकोन डोळ्यांसमोर राहत होता.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब घरी होते. मागे टीव्हीचा आवाज येत होता.

“साहेब, तात्यांच्या खात्याने कुणीतरी वॉर्डात शिरतंय.”

“अलर्ट बंद कर.”

“अलर्ट बंद करून काय होणार? मला ते खातंच काढायचंय. माझ्या नावाने चालवतो सगळं.”

टीव्हीचा आवाज कमी झाला.

“हे बघ, आजवर चाललंय ना? हात लावू नकोस.”

“लोक मरतायत साहेब.”

“हॉस्पिटल आहे ते. लोक मरतातच तिथे. तू...”

अर्ध्याने फोन ठेवला. या लोकांनी आयुष्यभर हेच केलं होतं. मोडलंय ते दिसू नये म्हणून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं आणि निवृत्तीची वाट बघायची. त्याने तात्यांचं खातं बंद केलं. प्रत्येक स्क्रिप्टमधून ते नाव खोडून आपलं लिहिलं.  मग सगळ्या स्क्रिप्ट नव्याने सोडल्या आणि स्क्रीनकडे बघत राहिला.

एकेक चौकोन हिरवा झाला. आईचासुद्धा.

तो खुर्चीत मागे रेलला. बऱ्याच वेळाने त्याने श्वास सोडला. पंख्यांची घरघर आज पहिल्यांदाच त्याला बरी वाटली, एखाद्या भरल्या घरातल्या गडबडीसारखी.

मग एक पंखा अडखळला.

आईचा चौकोन लाल झाला होता. स्क्रिप्ट फसली. हा माणूस आधीच आत आहे.

नाव त्याचं स्वतःचं होतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच कुठेतरी चूक केली. घाईत एकच स्क्रिप्ट दोनदा सुटली असेल. त्याने आपल्या नावाने उघडलेली सगळी कनेक्शन तपासली, एकूण एक बंद केली. चौकोन लालच. कुठून शिरलाय ते बघितलं. पेटीच्या बटणांवरून. बेडपाशी उभं राहून.

त्याने वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर... आईच्या बेडपाशी कोण आहे?”

“कोण बोलतंय?”

“मी, खालून. सर्व्हर रूममधून.”

“थट्टा करायची ही वेळ आहे का?” सिस्टर म्हणाली. “तू माझ्या डोळ्यांसमोर बसलायस. आईचे केस विंचरतोयस.”

“सिस्टर, मी खाली आहे.”

 तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

“त्याला... त्याला फोन द्या,” अर्ध्या म्हणाला.

चपलांचा आवाज गेला. कुजबुज. मग कुणीतरी रिसीव्हर कानाला लावला. बोललं कुणीच नाही. पण तिकडून एक घरघर ऐकू येऊ लागली. संथ, सलग, मध्येच अडखळणारी. अर्ध्याने आपल्या खोलीतल्या पंख्यांकडे बघितलं. इकडे पंखा अडखळला की तिकडेही त्याच क्षणी अडखळत होता. वॉर्डात पंखे नव्हते तसले. वॉर्डात अशी घरघर कुठेच नव्हती.

त्याने फोन टाकला. मग उचलला, साहेबांना लावला.

“साहेब, परत लाल झालंय. आईच्या बेडचं.”

“नाव कुणाचं टाकलंस?” साहेबांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला होता.

“माझं.”

पलीकडे टीव्ही बंद झाला.

“आम्ही इतके जण होतो तिथे,” साहेब हळूच म्हणाले. “आमच्यातल्या एकानेही आपलं नाव का टाकलं नसेल, एवढं तरी विचारायचंस.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला काहीच माहीत नाही. आणि आता इकडे फोन करू नकोस, बाळा.”

बाळा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. फोन बंद झाला.

लिफ्टची वाट न बघता अर्ध्या जिन्यावरून धावत सुटला. भेटायच्या वेळेची गर्दी उतरत होती. कुणाच्या खांद्याला धडकला, कुणी शिवी हासडली. वॉर्डाच्या दारात सिस्टर उभी होती, रिसीव्हर अजून हातात, तार ताणलेली. त्याला जिन्यातून येताना बघून ती भिंतीला चिकटली. 

बेडपाशी कुणी नव्हतं. आई उशीला टेकून बसली होती. केस नीट विंचरून, घट्ट वेणी घातलेली. अशी वेणी त्याला कधीच घालता येत नसे.

तो सरळ उशाच्या पेटीकडे गेला. तिच्या छोट्या पडद्यावर त्याचं नाव लुकलुकत होतं. बाहेर पडायचं बटण दाबलं. पेटीने पासवर्ड मागितला. त्याने आपला पासवर्ड घातला. चुकीचा. पुन्हा घातला, सावकाश, एकेक अक्षर. चुकीचा. आज दुपारीच तर त्याने तो वापरला होता.

पेटीची तार भिंतीतून ओढून काढायला हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. त्याच तारेवर आईच्या श्वासाची घंटा होती. तार काढली तर आत बसलेला निघून जाईल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. घंटा वाजणार नाही, हे मात्र माहीत होतं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “तुम्ही इथून हलू नका. यंत्राकडे बघत राहा. घंटेवर विसंबू नका.”

सिस्टर दारातूनच मान हलवत राहिली. आत मात्र आली नाही.

तो खुर्ची ओढून आईजवळ बसला. तिचा हात हातात घेतला. यंत्राचा आकडा स्थिर होता, श्वास बरा चालला होता. निदान आपण इथे आहोत, हात सोडायचा नाही, रात्र झाली तरी सोडायचा नाही, असं त्याने ठरवलं. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

आईने डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं.

“आई, मी आहे.”

“किती गार हात आहे हो तुमचा,” ती म्हणाली.

“आई... मी आहे गं. खालून आलोय.”

ती कसनुशी हसली. घरात नको त्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे बघून ती असंच हसायची.

“तुम्ही ऑफिसातले का त्याच्या? बसा ना. बसायला नाही कुठे म्हणत मी.” तिने आपला हात अलगद त्याच्या हातातून सोडवून घेतला. “पण जरा मागे सरून बसा. या बाजूला माझा मुलगा बसलाय.”

 तिने मान पलीकडच्या बाजूला वळवली. तिथे भिंत होती, आणि भिंत आणि बेड यांच्यामधली अरुंद मोकळी जागा. तिने हात तिकडे पुढे केला, तळवा वर करून.

तिची बोटं हळूहळू मिटली. पूर्ण मिटली नाहीत. मध्ये कुणाचा तरी हात मावेल एवढी जागा राहिली.